केबल काढायची की ठेवायची? घरात दोन पक्ष पडलेत

संत्राबर्फी:
राजेहो, नागपुरात मानेवाड्याचं घर. भाऊ म्हणतो, सेट-टॉप बॉक्स काढून टाक, सगळं अ‍ॅपवर मिळते, रिमोटसुद्धा फोनमध्येच आहे. मी म्हणतो, ठेवू. परवाचंच ऐका. संध्याकाळी आईच्या मालिकेची वेळ. भाऊ फोन खिशात टाकून तर्री-पोहे खायला गेलेला, खरा रिमोट सोफ्याच्या फटीत. आई पदराला हात पुसत टीव्हीसमोर उभी. पडद्यावर प्रश्न, कोण बघतंय? खाली चार गोल चेहरे, त्यात तिचा एकही नाही. केबलवर तिचं काम लाल बटण आणि चॅनलचा नंबर एवढ्यात भागायचं. ज्याच्या हातात फोन त्याचाच टीव्ही, हे मला पटत नाही.

कूलरसमोर:
काहून बा, रिमोट सोफ्यात गेला त्यात अ‍ॅपचा काय दोष? आईच्या नावाचं प्रोफाइल करून द्या, दोन मिनिटांचं काम. केबलचा हिशेब पाहा ना. २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत आली तेव्हा नुसतं नेटवर्क शुल्कच १३० रुपयांपर्यंत, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पे चॅनलचे पैसे वेगळे. २०२४ मध्ये तर त्या शुल्कावरची मर्यादाही काढली. आमच्या घरी पाहणार चार चॅनल, बाकीचे कोणासाठी येतात देव जाणे. वरून मे महिन्यात लाइन गेली की त्या दिवसाची मालिका गेली. अ‍ॅपवर जिथं थांबली तिथून पुढं पाहा.

जामठ्याची बस:
मॅचचं कोणीच बोलत नाही! ६ फेब्रुवारी २०२५, जामठ्याला इंग्लंडविरुद्ध वनडे. तिकीट मिळालं नाही, म्हणून घरी अ‍ॅपवर लावली. गिल ८७ वर गेला, हे मला समोरच्या केबलवाल्या काकांच्या "अरेरे"वरून कळलं. माझ्या पडद्यावर बॉलर अजून रन-अपच्या टोकाला चेंडू पुसत होता. अ‍ॅपवर चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि अडखळू नये म्हणून दोन-चार तुकडे आधीच साठवून ठेवतात. तेवढं मागं राहणारच. लाइव्ह म्हणजे केबल, विषय संपला.

कूलरसमोर:
मग काकांकडे जाऊन पाहा, चहाही मिळेल.

महालातली सून:
भांडण चालू द्या, पण कास्ट आणि मिररिंग यांची गल्लत करू नका. कास्ट केलं की फोन नुसतं सांगतो आणि टीव्ही वायफायवरून स्वतः चित्र ओढतो. म्हणजे संत्राबर्फींच्या भावानं कास्ट करून दिलं असतं, तर तो पोह्यांना गेला तरी मालिका चालली असती. मिररिंगमध्ये फोनच सगळं पाठवतो. आमच्याकडे असंच लग्नाचे फोटो दाखवत होते, मधेच यांचा ओटीपी आला आणि पाहुण्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला! आणि स्वस्तातला मोबाइल प्लॅन घेऊन केबल तोडू नका, तो टीव्हीवर चालत नाही. आम्ही दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावली. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं काही नाही, सह्याद्री दिसते. पे चॅनलच्या मालिका मात्र विसरायच्या, आणि जोराचा पाऊस आला की चित्र गुल.

कूलरसमोर:
सह्याद्रीच पाहायचं तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज अ‍ॅप आहे की, नोव्हेंबर २०२४ पासून. छतावर चढायचं कामच नाही.

संत्राबर्फी:
कास्टचं मला खरंच माहीत नव्हतं, भाऊलाही नव्हतं. काल आईचं प्रोफाइल केलं, तिनं पांडाचं चित्र निवडलं. मालिका लागली, तोही भाग टीव्हीवर यायच्या आधीच. दहा मिनिटांनी म्हणते, "बरं आहे, पण याचा नंबर किती?" बॉक्सचं रिचार्ज आज केलं, एका महिन्याचं.