मदत हवी आहे: आईची मराठी निसटतेय, कानडी शिल्लक आहे. तपासणी कोणत्या भाषेत करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आई ७९ वर्षांची. माहेर धारवाडचं, घरात कानडी. १९६८ साली लग्न होऊन पुण्यात आली आणि मराठी अशी उचलली की ती मूळची कानडी आहे हे नवीन माणसाला सांगावं लागायचं. आजीला घरात 'यंडुगुंडू' नको होतं, त्यामुळे आम्हा भावंडांच्या वाट्याला कानडी आलीच नाही. त्याची किंमत आता मोजतोय.

गेल्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. माणसांची नावं ओठांवर येऊन अडकतात हे वयोमानाने सगळ्यांचंच होतं, म्हणून आधी मनावर घेतलं नाही. मग पंख्याला 'ते गरगर फिरणारं' आणि कात्रीला 'कापायचं' म्हणायला लागली. रोजच्या वापरातल्या वस्तूंची नावं जाणं वेगळं, हे उशिरा कळलं. आता त्या जागी कानडी शब्द येतात. परवा जेवताना 'उप्पु, उप्पु' चाललं होतं. तिला मीठ हवं होतं. सांभाळायला येणाऱ्या मावशींनी बिचाऱ्यांनी जाऊन उपमा केला!

आता मुद्दा. मागच्या महिन्यात फेरतपासणी झाली, पूर्ण मराठीत. एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची होती. आईने सात सांगितली, त्यात गाय दोनदा. घरी आल्यावर धारवाडच्या मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि तोच खेळ कानडीत खेळायला सांगितला. तेरा! ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, मामा मध्येच हसत होता, मान्य. पण पहिल्या आकड्यावरून 'आजार झपाट्याने वाढतोय' असं आम्हाला सांगितलं गेलं, ते कितपत धरायचं?

थोडं वाचलं. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२०१३). एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षरांतही. पण ते आजार सुरू कधी होतो याबद्दल. सुरू झाल्यावर कोणती भाषा धरायची, याचं उत्तर त्यात नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा जो संच केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत कानडी आहे. मराठी नाही, हे वाचून मीच चमकले.

तर विचारायचं हे: पुण्यात कानडीतून अशी तपासणी करणारं कोणी माहीत आहे का? की बंगळुरूला निम्हान्सला (मेंदू आणि मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत) न्यावं? सहा-सात तासांच्या प्रवासानंतरही ती बिथरते, म्हणून धीर होत नाही. आणि दोन्ही भाषांत तपासणी केलेलं कोणाचं माणूस असेल, तर डॉक्टरांनी कोणता आकडा धरला?

दुसरं, घरात आम्ही मोडकंतोडकं कानडी बोलावं का? भाऊ म्हणतो, त्याने उरलीसुरली मराठीही जाईल. मला ते पटत नाही, पण त्याला समजवायला माझ्याकडे काही नाही.

कोथरूड-कर्वेनगर भागात कानडी बोलणाऱ्या, दिवसभर थांबू शकणाऱ्या बाई कोणाच्या ओळखीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सध्या मामा रोज रात्री आठला फोन करतो आणि आई तासभर घडाघडा बोलते. पण तो स्वतः ८४ वर्षांचा आहे.