सगळेच पक्ष पैसे वाटतात, मग विचारसरणीचा फरक उरला कुठे?

तळोदेकर_पोरगा:
राम राम मंडळी, एमपीएससीची तयारी चालू आहे. पुस्तकात असं की डावे म्हणजे कल्याणकारी राज्य आणि उजवे म्हणजे खर्चाला कात्री. पण इथे पाहतो तर पीएम किसानचे वर्षाला ६००० आहेत, २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० आहेत, आणि आधीचं सरकार असो की आत्ताचं, रेशन कोणीच बंद करत नाही. मग फरक कशात बघायचा?

सातपुडा_पायथा:
भाऊ, किती दिलं यापेक्षा कोणत्या नात्याने दिलं ते बघ. जर्मनीत १८८३ ला कामगारांचा आजारविमा आणला तो बिस्मार्कने, पक्का राजेशाहीवाला माणूस, समाजवाद्यांकडे कामगार जाऊ नयेत म्हणून. म्हणजे उजवे देत नाहीत हे पहिल्यापासूनच खरं नाही.
आता आपली रोहयो, म्हणजे रोजगार हमी योजना घे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, आणि पैसा कुठून तर बराचसा शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून. काम मागितलं आणि १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हे कायद्यातच. त्याच काळात शहाद्यात श्रमिक संघटना भिल्ल मजुरांना घेऊन जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढत होती, तिथला माणूस काम मागताना मान खाली घालत नव्हता.

चोपड्याची_ताई:
दादा, हक्क खरा पण तो कागदावरच राहिला तर? आमच्याकडे रोहयोची मजुरी महिनोन्‌महिने अडकलेली बघितलीय, आणि १५०० मात्र बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, नवऱ्याला विचारावं लागत नाही, हे लहान नाही. फक्त कापूस वेचून वेचून बोटं इतकी घासतात की पैसे काढताना मशीनवर अंगठा उठत नाही, चारदा पुसून दाबतात तरी नाही, मग त्या बाईचा दिवस बुडतो. आणि लाडकी बहीणला वय ६५ पर्यंतच, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ही रेघ कोणीतरी ठरवून मारलेली आहे ना, तिथेच विचारसरणी दिसते.

तळोदेकर_पोरगा:
ताई बरोबर शे. म्हणजे रोख रक्कम = उजवी असं लिहिलं तर चुकेल?

सातपुडा_पायथा:
चुकेल. रोख रक्कम डावे पण देतात, ताईचं म्हणणं मला पटतं. तू उत्तरात एवढंच तपास की पैसे थांबले तर माणसाकडे दाद मागायला काय आहे. रोहयोत कायदा हातात होता, तसाच २००६ चा वनहक्क कायदा, अक्राणी-अक्कलकुव्यात लोक जंगलजमिनीचा दावा नाकारला तर अपील करतात. लाडकी बहीण मात्र शासन निर्णयावर चालते, निकष उद्या बदलले तर बाईने कुठल्या कलमाखाली भांडायचं? माझ्या मते रक्कम राहू द्या पण तिला कायद्याचा आधार द्या, आणि अंगठा नाही उठला तर दुसरी सोय त्याच कायद्यात लिहा.