विषय: कळव्याचे लॅपटॉप – चार झाले, दहा अडले

प्रेषक: भाऊ (सध्या ठाण्यात)

मंडळी,
कळव्याच्या अभ्यासिकेतल्या मुलांसाठीचे चौदा लॅपटॉप तयार करतोय. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघण्याआधी अल्मालिनक्स ९ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला पहिला लॅपटॉप तिथे छान चालतोय. त्याच्या रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) फोल्डरात ॲनाकोंडा-केएस डॉट सीएफजी फाइल मिळाली. इन्स्टॉल करताना दिलेली सगळी उत्तरं तिच्यात असतात. तिला केएस डॉट सीएफजी नाव देऊन ओईएमडीआरव्ही लेबलच्या पेनड्राइव्हवर ठेवलं, की इन्स्टॉलर आपणहून उचलतो. आणखी तीन धडाधड झाले, पाचवा डिस्कपाशी येऊन अडला. रविवारी मुलं येणार, सोमवारी माझं विमान. फाइल जोडली आहे.

प्रेषक: नाना

भाऊ, नेरूळला आपण क्लोनझिलाने केलं होतं तसंच करा. एकाची प्रत काढायची, बाकीच्यांवर ओतायची. फायली कशाला वाचत बसता? यंत्रांचं काम मी इतकी वर्षं बघतोय, आधी मला विचारायचंत.

प्रेषक: माई (ऐरोली)

नाना, नेरूळला नंतर चार शनिवार मी जात होते. मशीन-आयडी रिकामी न करता प्रती काढल्या, त्यामुळे सगळ्या यंत्रांची ओळख एकच. राउटर दोन-दोन यंत्रांना एकच पत्ता देई, एक चालू झालं की दुसऱ्याचं नेट जाई. एसएसएचच्या (दुरून सुरक्षित जोडणीच्या) किल्ल्याही सारख्याच. नव्याने इन्स्टॉल केलं की हे प्रत्येक यंत्रावर वेगळं तयार होतं, म्हणून भाऊंची रीत मला पटते.

भाऊ, तुमच्या फाइलमध्ये इग्नोरडिस्कच्या (कुठली डिस्क वापरायची ते सांगणाऱ्या) ओळीत फक्त एसडीए हे डिस्कचं नाव आहे. पाचव्यात एनव्हीएमई (नव्या प्रकारची) डिस्क असणार, तिचं नाव एनव्हीएमई०एन१. तिथे एसडीए म्हणजे तुमचाच पेनड्राइव्ह! दुसरी फाइल करा आणि ते नाव जिथे जिथे आहे तिथे बदला. टाइमझोनही अजून न्यूयॉर्कचा आहे, घड्याळं साडेनऊ-साडेदहा तास मागे दिसतील. एशिया/कोलकाता करा.

आणि ही फाइल लिस्टवर पुन्हा टाकू नका. पासवर्ड सांकेतिक रूपात असला तरी तो तोडायचा प्रयत्न कुणीही करू शकतं. आता तो बदलाच.

प्रेषक: वहिनी

कीबोर्ड कुठला? इनस्क्रिप्टच ठेवा, तो भारतीय मानक आहे. माझ्या भाचीला फोनेटिकची (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी टाइप करायची) सवय लागली, आता ऱ्य आणि र्य यांत रोज गोंधळ.

प्रेषक: नाना

वहिनी, मी गमभन या फोनेटिक कीबोर्डवर दहा वर्षं लिहितोय, एकही ऱ्य चुकला नाही.

प्रेषक: माई (ऐरोली)

दोन्ही ठेवा, आयबस-एम१७एन या टायपिंगच्या पॅकेजमध्ये इनस्क्रिप्टही आहे आणि गमभनही. पण भाऊ, इन्स्टॉल झाल्यावर तुम्ही डीएनएफने (पॅकेज टाकायच्या आज्ञेने) जे टाकलंत ते फाइलमध्ये उतरत नाही. पॅकेजेसच्या यादीत आयबस-एम१७एन हाताने लिहा, नाहीतर प्रत्येक लॅपटॉपवर मुलांना मराठी कीबोर्ड शोधत बसावं लागेल.

प्रेषक: भाऊ

माई, एनव्हीएमईची फाइल चालली, सहा झाले. आधीच्या चारांवर टाइमझोन हाताने बदलला. पासवर्डही बदलला. नाना, शेवटचे चार जुन्या हार्डडिस्कचे आहेत, त्यांना पहिली फाइल चालेल, पण एकाची डिस्क आवाज करते. शनिवारी संध्याकाळी याल का कळव्याला? तुमच्याकडचा सुटा एसएसडी घेऊन या.