दोघी, दोन सॅक, व्हिएतनाममध्ये दोन महिने

डिसेंबरात मी आणि मैत्रीण हनोईहून साइगॉनपर्यंत उतरत जाणार आहोत. माझी सॅक बारा किलो भरली, त्यात दीड किलो आईने कोंबलेला चिवडा. मैत्रीण पक्की शाकाहारी. काय काढू? आणि पैसे एकत्र ठेवायचे का?

प्रतिसाद १: आधी ई-व्हिसा. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. नाव पासपोर्टावर आहे तस्संच भरा. मी आडनाव उलटसुलट टाकलं, पुन्हा पैसे भरले.

प्रतिसाद २: सापाला (गाव आहे, घाबरू नका) जाणार असाल तर स्वेटर राहू द्या. तिथे दात वाजतात, साइगॉनला घामाच्या धारा. जीन्स मात्र काढाच, दोन-दोन दिवस वाळत नाही.

प्रतिसाद ३: मैत्रिणीला 'चाय' शब्द पाठ करायला लावा. तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी! नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर माशाचा सॉस येतोच.

प्रतिसाद ४: जेवण-खोलीसाठी एक पाकीट, दोघींनी सारखे पैसे टाकायचे. आम्ही तसंच केलं. भांडलो ते खिडकीच्या सीटवरून.

मूळ प्रश्नकर्ती: जीन्स काढली. चिवड्याला हात लावायचा नाही, असं मैत्रिणीने बजावलंय.