फोड लिहू नका म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

विश्रामबागकर
काल आपल्या या शब्दकोड्यांच्या गटात मोतीचौक यांनी लिहिलं होतं, "गूढ शब्दकोड्याचं उत्तर चौकटीत बसलं की विषय संपला. खाली फोड लिहिणं म्हणजे आपण चघळलेला घास दुसऱ्याच्या तोंडात घालणं. ज्याला सुटलं त्याला फोड नको असते, ज्याला सुटलं नाही त्याची मजा जाते." हे वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. (नवख्यांसाठी: सूत्र म्हणजे कोड्यात दिलेली ओळ, कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा, आणि फोड म्हणजे त्या ओळीतून उत्तर कसं निघतं ते तुकडे पाडून दाखवणं.)

ज्याला फोड सांगता येत नाही त्याला कोडं सुटलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. "पहिल्या सुराला चांदणी जोडली की पेढ्यांचं गाव (३)". इथे सातारा लिहायला एकटे पेढे पुरतात. उभ्या शब्दातून 'रा' आलेला असेल तर पेढेही नकोत. पण 'सा' आणि 'तारा' वेगवेगळे दिसतात ना, कोडं त्या क्षणी सुटतं. बाकीची नुसती भरती.

आमचे अण्णा इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोडं, सोडवायचे. उत्तर शाईच्या पेनानं चौकटीत आणि फोड पेन्सिलीनं शेजारच्या समासात. शब्दाचे तुकडे, त्यांना जोडणारे बाण, बाणाखाली बारीक अक्षरात "उलटं", "पोटात", "शेपूट गेली". अशी कात्रणं डकवलेल्या अकरा वह्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पूर आला तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. पाणी ओसरल्यावर वह्या बाहेर काढल्या तर ओल्या विटेसारख्या जड झालेल्या. पानापानात पावडर घालून पंख्याखाली वाळवल्या. शाई सगळी पसरली होती, चौकटी निळ्या डागांनी भरलेल्या, एक अक्षर लागत नव्हतं. पेन्सिल मात्र जशीच्या तशी. अण्णा तेव्हा नव्हते. मी आणि माझ्या भावानं त्या फोडींवरून उत्तरं परत भरली, एकेक करून. फोड राहिली तर उत्तर परत मिळवता येतं. उत्तर राहून फोड गेली असती तर आमच्या हातात काय आलं असतं?

मोतीचौक
ताई, वह्यांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण अण्णा फोड स्वतःच्या समासात लिहीत होते. शेजाऱ्याच्या पेपरावर नाही.

माझंही ऐका. मी दर सोमवारी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून पुण्याला जातो. मागच्या महिन्यात इथेच आलं होतं, "रजनी फिरताच कमळ (३)". तीन दिवस मनात वागवलं. पंकज घातलं, सरोज घातलं, दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही कमळच, पण रजनीशी जुळेना. बुधवारी सकाळी फोन उघडला तर समोर ठळक अक्षरात र-ज-नी, नी-र-ज. तीन दिवसांचं कोडं पाच सेकंदांत गेलं. ते मला कुणी परत देणार आहे का?

कुपवाड_रातपाळी
साहेब, तुम्हाला निदान एवढं माहीत होतं की "फिरताच" म्हटलं की अक्षरं फिरवायची. मला कुणी सांगितलं होतं? मराठी शाळा, मग आयटीआय, मग कारखाना. इथे आल्यावर सहा महिने सूत्रं नुसती वाचत होतो आणि वाटायचं ही माणसं एकमेकांत काहीतरी ठरवून बोलतात.

मग एका पहाटे तीनच्या चहाला "बोल, अर्धी लीला, हळदीची पेठ (३)" याची फोड वाचली. बोल म्हणजे सांग. लीलाचं अर्धं म्हणजे ली. सांगली! ज्या गावात जन्म गेला त्याचं नाव असं दोन तुकड्यांत कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन झोपलो नाही, जुनी सगळी सूत्रं काढून बसलो. फोड बंद केलीत तर माझ्यासारख्याला दार बंद. तुम्हाला शिकवणारं घरात कुणीतरी असेल, आम्हाला फोडीनंच शिकवलं.

मोतीचौक
माझ्या घरात कोण होतं ते तुम्हाला काय माहीत? वडील कंडक्टर होते. मी प्रवाशांनी सीटवर टाकून दिलेल्या पेपरांवर शिकलो, आणि तेही फोडीशिवाय. दोन वर्षं लागली. पण जे मिळालं ते कायमचं मिळालं. उगाच कुणाच्या घरावर बोलायचं काम नाही.

कुपवाड_रातपाळी
घरावर बोललो ते चुकलं. पण दोन वर्षं तुमची गेली म्हणून माझीही जावीत, हे पटत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
फोड लिहायलाच हवी, आणि माझं कारण वेगळं आहे. फोड नसेल तर रचणाऱ्याची लबाडी खपून जाते. परवाचंच बघा, "बिनदिक्कत आत शिरलेली कृष्णा (२)". उत्तर दिलंय नदी. आता अक्षरं मोजा, बि, न, दि, क्क, त. आत आहे 'नदि'. दि ऱ्हस्व! नदी संस्कृतात दीर्घ, मराठीतही दीर्घ. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ ला त्यांत भर पडली, पण 'नदि' कुठल्याच काळात बरोबर नव्हतं. मिरजेच्या शाळेत तीस वर्षं लाल पेनानं हेच सुधारत आलो. निवृत्त झाल्यावर इथे येऊन तीच चूक कोड्यात मिरवलेली बघायची?

आडवेउभे
सर, ते सूत्र माझं आहे. पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा आजी दारात उभी राहून म्हणाली होती, "बघ कशी बिनदिक्कत आली." ते वाक्य डोक्यात राहिलं आणि एक दिवस त्याच शब्दात नदी दिसली. मला ते टाकवेना.

आणि नियमाचं म्हणाल तर इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरं आहेत, ती कशीही फिरवा. आपल्याकडे प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी चिकटलेली. अक्षर आहे तसंच ठेवायचं म्हटलं तर रजनी-नीरजसारख्या जोड्या मिळणार किती? "नवरा बिथरला की माकड (३)" सगळ्यांनी उचलून धरलं होतं. त्यातही रा चा काना काढून व ला दिला तेव्हाच वानर झाला. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

ऱ्हस्वदीर्घ
मी तेव्हा आजारी होतो म्हणून बोललो नाही, आता बोलतो. वानरही चूकच. काना म्हणजे कुणाचीही टोपी कुणाच्याही डोक्यावर, असं नसतं. कोड्याच्या घरात बसतं ते पूर्ण अक्षर. फिरवायचं तर पूर्ण अक्षर फिरवा.

गणपतीपेठ
निदान इथे काना-वेलांटीवर भांडता येतं. पेपरातल्या कोड्यांत वर्षानुवर्षं काय येतं? "पाणी" म्हणजे जल, "सूर्य" म्हणजे रवी. माझी आई ते न बघता भरायची, कारण गेल्या आठवड्याचं तेच असायचं. मराठीत गूढ सूत्राचं कोडं रोज छापून यावं म्हणून मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. त्याबद्दल कुणीतरी बोला.

आडवेउभे
बोलू, पण वेगळं. सर, मग सुत आणि सूत? "मुलगा ऐकला, धागा (२)". मुलगा म्हणजे सुत, ऱ्हस्व. धागा म्हणजे सूत, दीर्घ. हेही चूक?

ऱ्हस्वदीर्घ
नाही. इथे "ऐकला" म्हटलंय. कानाला दोन्ही सारखेच लागतात, आणि सूत्रानं ते प्रामाणिकपणे सांगितलंय. "आत शिरलेली" म्हटल्यावर मात्र डोळ्यांना दिसेल तेच आत असलं पाहिजे.

विश्रामबागकर
सरांचं हे मला पटतं, आणि आडवेउभे, तुमच्या आजीचं वाक्य वाचून घशाशी आलं तरीही पटतं. हाच वाद इंग्रजीतही झालेला आहे. टॉर्कमाडा या नावानं पॉविस मॅदर्स १९२६ पासून ऑब्झर्व्हर या ब्रिटिश साप्ताहिकात कोडी रचत होते, विलक्षण पण पुष्कळदा मनाला येईल तशी. मग ॲफ्रिट नावानं रचणाऱ्या रिचींनी १९४९ मध्ये मांडलं की रचणाऱ्यानं खुशाल चकवावं, पण लिहिलेल्या शब्दांतून खरा अर्थ निघालाच पाहिजे. आणि ऑब्झर्व्हरमध्येच टॉर्कमाडांनंतर कोडी रचणाऱ्या झिमेनीझ यांनी १९६६ च्या पुस्तकात त्याचे नीट नियम बांधले, एका बाजूला नेमकी व्याख्या, दुसऱ्या बाजूला नेमकी फोड, तिसरं काही नाही. अण्णांच्या पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर हेच लिहिलेलं होतं.

वानरचं मात्र मी सरांशी पूर्ण सहमत नाही. "काना इकडचा तिकडे" असं सूत्रातच सुचवलं तर चालावं. न सांगता हलवला तर नको.

ऱ्हस्वदीर्घ
सांगून हलवला तर... बरं. सहन करीन. आवडणार नाही.

आणि साहेबांची नावं कशाला हवीत? आपल्याकडे "केशवं पतितं दृष्ट्वा" हा कूटश्लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. केशव पडलेला बघून पांडवांना आनंद, कौरवांना रडू, हे कसं? 'के' म्हणजे पाण्यात आणि 'शव' म्हणजे प्रेत, अशी फोड केली की कृष्ण त्यातून निघूनच जातो. माझ्या आजोबांनी श्लोक म्हटला आणि फोड सांगितली नाही असं एकदाही झालं नाही. नुसता श्लोक ऐकून आम्ही मुलं उठून गेलो असतो.

मोतीचौक
आजोबा श्लोक म्हणून लगेच फोड सांगायचे, की तुम्हाला विचार करायला वेळ द्यायचे?

ऱ्हस्वदीर्घ
रात्रभर द्यायचे. सकाळी आंघोळीनंतर सांगायचे.

मोतीचौक
हेच म्हणतोय मी! आणि ताईंनी झिमेनीझ काढलाच आहे तर पुढचंही सांगा. त्यांच्या स्पर्धेत लोकांनी पाठवलेल्या सूत्रांवर ते टिपणं काढायचे, त्यांच्यानंतर १९७२ पासून त्यांच्या जागी आलेल्या अझेड यांनीही तेच चालवलं. पण ती टिपणं मुदत संपल्यावर निघायची. प्रवेशिका यायच्या आत कुणी फोड छापत नव्हतं. इथे सकाळी सातला कोडं येतं आणि सव्वासातला फोड.

विश्रामबागकर
काल तुम्ही मुदतीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. "विषय संपला" लिहिलं होतं. "चघळलेला घास" लिहिलं होतं. ज्यांनी वेळ काढून नवख्यांसाठी फोड लिहिली त्यांना ते लागलं, मलाही लागलं.

मोतीचौक
घास हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. फोड दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर लिहा, माझी हरकत नाही. पण त्याआधी लिहिणाऱ्यानं माझे तीन दिवस आठवावेत.

कुपवाड_रातपाळी
आठ वाजता माझी पाळी सुटून मी घरी आलेलो असतो. मला चालेल.

गणपतीपेठ
रोजच्या छापील कोड्याचं कुणीच बोललं नाही.

विश्रामबागकर
गणपतीपेठ, तिसरं पत्र लिहा, खाली माझं नाव घाला. मी खरंच सही करीन. मोतीचौक, आठ वाजता मान्य. पण फोड येणारच, प्रत्येक सूत्राची.

आडवेउभे
मी दुकान बंद करून बसलो होतो. सर, तुमची दि रात्री डोक्यातून जाईना. फोड लिहिली गेली नसती तर मला चूक कळली नसती, कारण उत्तर चौकटीत नीट बसत होतं. आजीचं वाक्य सोडावं लागलं, पण पूर तोच आहे. पुरानंतर आमच्या शाळेचं पटांगण जसं दिसत होतं तसं:

"मैदान दीनवाणं, मधून वाहते ती (२)"

उत्तर सगळ्यांना माहीत आहे, नदीच. फोड सांगा.

ऱ्हस्वदीर्घ
पाहिलं. वेलांटी तपासली. दीर्घ आहे. पहिल्यापेक्षा चांगलं झालंय.

कुपवाड_रातपाळी
दिसलं! दादा, दिसलं! अक्षर न अक्षर

मोतीचौक
थांबा. पुढचं लिहू नका कुणी. मला अजून दिसलं नाही. आत्ताच स्टँडवर आलोय, गाडी सुटतेय. खंबाटकी येईपर्यंत द्या मला.