कयाकसाठी घरच्या घरी फ्लोट बनवायचेत, आत काय भरू?

कोरडा_ठणठणीत:
जुनी प्लास्टिकची कयाक घेतलीय, आत बल्कहेड (आडव्या बंद भिंती) वगैरे काहीच नाही, पुढून मागे नुसती एक पोकळी. परवा कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटी करून बघितली तर मागचं टोक तळाला जाऊन टेकलं आणि नाक आभाळात, दोघांनी ओढूनही हलेना. लाइफ जॅकेट चांगलं आहे माझ्याकडे, प्रश्न बोटीचा आहे. एअरबॅगची जोडी (बोटीच्या टोकांत बसवायच्या हवेच्या पिशव्या) आणि पॅडल फ्लोट (वल्ह्याला लावून बोटीत परत चढायचा तरंगता आधार) विकत घ्यायचं तर बोटीपेक्षा तेच महाग पडतंय. थर्माकोल, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या की तो स्प्रे फोम? कोणी केलंय का असलं काही?

वल्हे_आणि_मी:
हिशोब सोपा आहे, जेवढे लिटर पाण्याला आत जागा तेवढे किलो तुम्ही ओढताय. म्हणजे पोकळी 200 लिटरची असेल तर 200 किलो, मग कशी हलेल?
स्प्रे फोम नको, माझ्या आधीच्या बोटीत भरला होता. हळूहळू पाणी पितो तो, आणि एकदा चिकटला की खरवडून काढताना नाकी नऊ येतात. थर्माकोलचा भुगा होतो आणि कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह लावलं तर तो विरघळतोच, डोळ्यासमोर खड्डा पडतो.
बाटल्या मस्त. 2 लिटरच्या 15 म्हणजे 30 किलोचा उचल, अर्धी मागे अर्धी पुढे. झाकणं घट्ट लावून प्रत्येक बाटली पाण्याखाली दाबायची, बुडबुडा आला की बाद. मग सगळ्या जाळीच्या पिशवीत. बाटल्यांच्या मधे पाणी राहतंच आणि लाटेवर खडखड करतात, पण फुकटात काम होतं.

उलटापालटा:
बाटल्या ठीक पण बांधा हो! मी समुद्रावर खेळायचे ते फुगवायचे बॉल घातले होते दोन, एकदम घट्ट बसलेत म्हणून बांधले नाहीत. बोट उलटली, पाणी आत शिरलं आणि दोन्ही बॉल कॉकपिटमधून (बसायच्या भोकातून) टुणकन बाहेर, वाऱ्यावर निघाले आणि मी वल्हं सोडू का बोट सोडू का बॉल पकडू. शेवटी बोट धरून बसलो. तेव्हापासून आत कड्या बसवल्यात आणि आडवा दोर, फुग्याला वर सरकायला जागाच नाही.
अजून एक, हवेचं काही वापरणार असाल तर उन्हात टम्म फुगवून ठेवू नका. सकाळी 20 डिग्रीला फुगवलेलं 50 पर्यंत तापलं तर हवा साधारण 10 टक्के वाढते, शिवण फाटते. उलट गार पाण्यात गेलं की ढिलं पडतं, तेव्हा थोडी हवा परत मारायची. जुनी ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची पाणबंद पिशवी) असेल तर सगळ्यात बेस्ट, पण घडी नीट घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवून बघा हवा धरते का.

पाणकोंबडी:
पॅडल फ्लोट मी केलाय, सांगते. क्लोज्ड सेल फोमचे (पाणी न पिणाऱ्या फोमचे) दोन तुकडे, 40 बाय 25 सेंमी आणि 5 सेंमी जाड, मधे वल्ह्याचं पातं सँडविचसारखं. तीन बाजू शिवून घेतल्या आणि वरून बक्कलचे दोन पट्टे. 10 लिटर होतात म्हणजे जवळपास 10 किलो. आधी पाण्याचा एक छोटा कॅन बांधून बघितला होता, तो माझ्या वजनाने सरळ पाण्याखाली गेला 😅
वापरताना फ्लोटवालं पातं पाण्यात, दुसरं कॉकपिटच्या मागच्या दोरीखाली, वल्हं बोटीला काटकोनात. मागच्या डेकवर पोटावर चढायचं, पाय आत घालायचे आणि वळताना तोंड फ्लोटकडे. भार जरा जरी दुसऱ्या बाजूला गेला की परत आंघोळ. आतलं पाणी उपसून होईपर्यंत फ्लोट काढू नका, मी घाईत काढला आणि परत उलटले.

कोरडा_ठणठणीत:
भारी! बाटल्या आणि फोमचा फ्लोट फायनल. एक आगाऊ प्रश्न, पाहुण्यांसाठी स्विमिंगच्या नूडल्स (फोमच्या लांब कांड्या) कापून जॅकेट शिवलं तर? एका नूडलचा उचल 4-5 किलो तरी येईल ना.

वल्हे_आणि_मी:
आकड्यात पास होईल, बॉयन्सी एडलाही (पोहता येणाऱ्यांसाठीचं हलकं तरंगजॅकेट) मोठ्या माणसाला किमान 50 न्यूटन म्हणजे 5 किलोच लागतो. पण तो उचल छातीवर राहिला पाहिजे. घरच्या शिवणीचं जॅकेट पाण्यात वर सरकतं, कानापर्यंत येतं आणि माणूस खालीच. बोटीत जुगाड चालतो कारण बोट श्वास घेत नाही. पाहुण्यांना तपासलेलं जॅकेट द्या नाहीतर काठावर बसवा.

उलटापालटा:
+1. आणि 15 पेक्षा एक बाटली जास्त ठेवा, बूड कापून पाणी उपसायला. दोरीने बांधून बरं का 😄