‘स्टार्टिंग कर्नल’ नंतर सिरियलवर शुकशुकाट: कोणते डीबग पर्याय, कोणत्या क्रमाने?

यूबूट_शिकाऊ

बोर्ड बीगलबोन ब्लॅक, प्रोसेसर एएम३३५८, रॅम ५१२ एमबी. जुना लिनक्स ४.४ कर्नल नीट चालतो. आता ६.६ बांधला आहे. इमेज लहान व्हावी म्हणून कॉन्फिगमधून बरेच पर्याय काढले. यू-बूट (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा बूटलोडर) ‘स्टार्टिंग कर्नल ...’ छापतो आणि पुढे एक अक्षर येत नाही. बूट कमांड लाइन जुनीच आहे, कन्सोल=टीटीवायओ०,११५२००एन८. सिरियल केबल ३.३ व्होल्टची, जे१ हेडरवर, आणि यू-बूटचे सगळे दिसते, म्हणजे वायरिंग ठीक आहे.

मेनूकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू, त्याच्या ‘कर्नल हॅकिंग’मध्ये पर्यायांचे जंगल आहे. सुरुवात कुठून करू? आणि यातले काय शेवटच्या प्रॉडक्टमध्ये ठेवायचे, काय काढायचे?

सिरियल_सखा

आधी बोर्डकडे बघा. यूएसआर० हा एलईडी हृदयाच्या ठोक्यासारखा दोनदोनदा लुकलुकतोय का? बीगलबोनच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचे वर्णन कर्नलला देणारी फाइल) त्याला हार्टबीट ट्रिगर दिलेला असतो. तो लुकलुकत असेल तर कर्नल जिवंत आहे, फक्त त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. एलईडी बंद असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण छाटणीत हार्टबीट ट्रिगरही गेला असू शकतो.

मग कर्नल हॅकिंगमध्ये ‘आर्म डीबगिंग’ उघडा. डीबग_कर्नल चालू असेल तरच तिथे डीबग_एलएल (अगदी सुरुवातीपासूनचे संदेश थेट सिरियल पोर्टवर लिहिणारा पर्याय) दिसेल. तो चालू करा, पाठोपाठ अर्ली_प्रिंटके आणि डीबग_अनकॉम्प्रेस. कमांड लाइनला ‘अर्लीप्रिंटके’ हा शब्द जोडा. तो विसरला की एवढा खटाटोप करूनही बरेचसे संदेश दिसत नाहीत.

पोर्ट निवडताना नीट बघा. यादीत ‘एएम३३एक्सएक्स यूआर्ट१’ असे नाव आहे (यूआर्ट म्हणजे चिपमधला सिरियल पोर्ट), पण चिपच्या मॅन्युअलमधला तो यूआर्ट० आहे, कारण इथली मोजणी एकपासून सुरू होते. निवडल्यावर डीबग_यूआर्ट_फिज मध्ये हेक्सचा ४४ई०९००० हा पत्ता आला पाहिजे. दुसरा पोर्ट निवडलात आणि त्या पोर्टचे क्लॉक बंद असेल, तर पहिले अक्षर लिहितानाच कर्नल अडकतो. म्हणजे दोष शोधायला लावलेला पर्यायच नवा दोष होऊन बसतो.

आता काय दिसते ते बघा. ‘अनकॉम्प्रेसिंग लिनक्स’ सुद्धा आले नाही, तर इमेज चुकीच्या पत्त्यावर गेली आहे किंवा डिव्हाइस ट्रीच्या फाइलने तिच्यावर पाय दिला आहे. ते आले आणि पुढे ‘इनव्हॅलिड डीटीबी’ असा एरर आला, तर यू-बूटने डिव्हाइस ट्री दिलीच नाही किंवा भलतीच दिली. डीबग_एलएल नसेल तर हा संदेश कधीच दिसत नाही, म्हणून इथे बऱ्याच जणांचे दिवस जातात.

ओडीडी_कॉन्फिग

वरच्या उत्तराला पुरवणी. डीबग_एलएल एकाच यूआर्टचा पत्ता कर्नलमध्ये कोरून ठेवतो. तीच इमेज वेगळ्या बोर्डवर उठणार नाही. त्यामुळे हा पर्याय फक्त टेबलावरच्या बिल्डसाठी.

पत्ता कोरायचा नसेल तर ‘अर्लीकॉन’, म्हणजे लवकर सुरू होणारा कन्सोल, वापरा. कमांड लाइनमध्ये ओमॅप८२५०, एमएमआयओ३२ आणि पत्ता द्यायचा की झाले, पत्ता बदलायला कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. पण कमांड लाइन वाचून झाल्यावरच ते बोलू लागते. डिकम्प्रेशन आणि एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा प्रोसेसरचा भाग) चालू होईपर्यंतचा भाग त्याच्या आधी येतो, तिथे डीबग_एलएलशिवाय इलाज नाही.

आणखी एक. जुनी .कॉन्फिग (निवडलेल्या पर्यायांची फाइल) आणून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवली की अवलंबित्व न जुळणारे पर्याय गुपचूप गळतात. नंतर .कॉन्फिगमध्ये ग्रेपने शोधून खात्री करा. डीबग_इन्फोचे तर विशेष करून: ५.१८ पासून तो सरळ ‘वाय’ने चालू होत नाही, ड्वार्फच्या (डीबग माहिती साठवण्याचे स्वरूप) आवृत्तींपैकी एक निवडावी लागते, नाहीतर ‘नन’ राहते. झेडइमेज (बोर्डवर जाणारी दाबलेली इमेज) त्याने फुगत नाही, माहिती व्हीएमलिनक्समध्ये (न दाबलेली मूळ कर्नल फाइल) राहते. मॉड्यूल्स मात्र फुगतात, म्हणून बसवताना इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ द्या.

यूबूट_शिकाऊ

दोघांचेही आभार. एलईडी बंदच होता, पण डीबग_एलएल लावल्यावर सगळा बूट लॉग आला! शेवटी रूट फाइल सिस्टिम माउंट होते आणि ‘वॉर्निंग: अनेबल टू ओपन अ‍ॅन इनिशियल कन्सोल’ येते. त्यापुढे लॉगिन नाही.

सिरियल_सखा

मग दोष कन्सोलच्या नावात आहे. टीटीवायओ० हे जुन्या ओमॅप सिरियल ड्रायव्हरचे नाव. तुमच्याकडे आता ८२५०_ओमॅप असणार, तो पोर्टला टीटीवायएस० म्हणतो. सिरियल_८२५०_ओमॅप_टीटीवायओ_फिक्सअप चालू असता तर कर्नलने नाव स्वतः बदलून घेतले असते, छाटणीत तो गेला असावा. कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८ करा आणि इनिटच्या गेटीमध्येही (लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम) तेच नाव द्या. सिरियल_८२५०_ओमॅप आणि सिरियल_८२५०_कन्सोल दोन्ही ‘वाय’ आहेत ना, तेही बघा. ‘एम’ (वेगळे मॉड्यूल) असेल तर कन्सोल मिळणार नाही.

ओडीडी_कॉन्फिग

प्रॉडक्टचे: डीबग_एलएल आणि अर्ली_प्रिंटके काढा. कॉलसिम्स ठेवा, नाहीतर ऊप्समध्ये (कर्नल चुकला की छापतो तो अहवाल) फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते येतात. ज्या बिल्डची इमेज बाहेर गेली, तिचा व्हीएमलिनक्स जपून ठेवा, दुसऱ्या बिल्डचा चालत नाही. स्क्रिप्ट्समधल्या डिकोड_स्टॅकट्रेसला तो दिला की ऊप्स थेट फाइल आणि ओळीपर्यंत नेतो.

पीस्टोअर_रॅम आणि पीस्टोअर_कन्सोल (रीबूटनंतरही लॉग टिकवणारे पर्याय) जरूर ठेवा. डिव्हाइस ट्रीच्या रिझर्व्हड-मेमरीत ‘रॅमऊप्स’साठी १ एमबी राखून रेकॉर्ड-साइज आणि कन्सोल-साइज दिले की पॅनिकनंतर रीबूट होऊनही लॉग पीस्टोअरमध्ये सापडतो. मात्र वीज गेली तर रॅमबरोबर तोही गेला. आणि पॅनिकनंतर बोर्ड आपोआप उठायला पॅनिक_टाइमआउट शून्य ठेवू नका.

केएएसएएन (मेमरी वापरातल्या चुका पकडणारा) आणि प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारा) फक्त टेस्ट बिल्डमध्ये. ३२-बिट आर्मवर केएएसएएन ५.११ पासून आहे, पण शॅडोसाठी, म्हणजे स्वतःच्या नोंदींसाठी, मेमरीचा आठवा हिस्सा घेतो आणि वेग चांगलाच उतरतो. दोन्ही एकाच वेळी लावू नका. टायमिंग इतके बदलते की मूळ बग लपतो आणि वॉचडॉग (बोर्ड अडकला असे वाटले की रीसेट करणारा टायमर) मध्येच बोर्ड रीसेट करतो.

यूबूट_शिकाऊ

टीटीवायएस० केल्यावर लॉगिन आले. फिक्सअप खरेच बंद होता. आता रॅमऊप्सचा नोड लिहायला घेतो.